डोकं शेवटी

गेल्या महिन्यात स्कॉटलंडहून नातवाचा फोन आला. "आजी, मी कयाक शिकतोय. जमलं की समुद्रात एकटा जाणार."

'एकटा' हा शब्द ऐकला आणि पोटात गोळा आला. का, ते घरच्यांना माहीत आहे. बाकीच्यांना पुढे सांगतेच. मी त्याला हो-नाही काहीच म्हटलं नाही. फोन ठेवला आणि जन्मभर इतिहास शिकवलेली बाई जे करील तेच केलं. वाचायला बसले.

कयाक ही मुळात आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची होडी. ग्रीनलंडमध्ये लाकडी सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवत. मधे कमरेपुरतं भोक. शिकारी आत बसला की अंगातल्या कातडी अंगरख्याचा घेर त्या भोकाच्या कडेला घट्ट बांधायचा. माणूस आणि होडी एकजीव! शिकारीला बरेचदा एकट्यानेच जायचं. पाणी बर्फासारखं गार, पोहणं बहुतेकांना येत नसे, आणि येऊन तरी त्या गारठ्यात कितीसा उपयोग? म्हणून होडी उलटली तरी बाहेर पडायचं नाही. आत बसूनच वल्ह्याच्या आधाराने पाण्याखालून पुन्हा सरळ व्हायचं.

डेव्हिड क्रांत्स नावाचा मोरावियन पंथाचा लेखक १७६१-६२ मध्ये ग्रीनलंडला राहून आला. १७६५ च्या त्याच्या ग्रंथात या विद्येचे दहा प्रकार दिले आहेत. वल्हं मानेमागे असताना उलटलात तर काय, वल्हं हातातून निसटलं तर नुसत्या हाताने कसं... म्हणजे प्रत्येक प्रकार ही एकेका संकटाची आधीच करून ठेवलेली तालीम. मला यात एक फार चांगला शिक्षक दिसला.

आम्ही वर्गात नेहमी म्हणायचो, पोहणं पुस्तकातून येत नाही. हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसाने ते खोटं पाडलं. प्रवाशांनी लिहिलेली वर्णनं वाचून तो धडपडत राहिला आणि ३० जुलै १९२७ रोजी वाइसनझे या तळ्यात उलटून सरळ झाला. ही विद्या साधलेला पहिला युरोपीय म्हणून त्याचं नाव घेतात.

यातली खरी मेख ऐका. बुडणारा माणूस श्वासासाठी आधी डोकं वर काढतो, आणि तिथेच चुकतो. डोक्याचं वजन वर आलं की होडी पुन्हा उलटी फिरते. आधी कंबर झटकून होडी सरळ करायची, मग धड, आणि डोकं सगळ्यांत शेवटी. जीव घाबरा झालेला असताना हे सुचत नाही, म्हणून ते अंगात मुरवावं लागतं.

पण इतिहास एवढ्यावर थांबत नाही. जिनो वॉटकिन्स हा तरुण इंग्रज १९३०-३१ च्या मोहिमेत पूर्व ग्रीनलंडच्या लोकांकडून हे सगळं शिकला, उत्तम शिकला. २० ऑगस्ट १९३२ ला तो एकटाच सीलच्या शिकारीला गेला. सोबत्यांना त्याची रिकामी कयाक पाण्यावर सापडली आणि बर्फाच्या लादीवर त्याची विजार. तो सापडलाच नाही. वय २५.

इथे पुस्तक मिटलं. आमचा दादाही असाच पट्टीचा पोहणारा. १९६१ च्या पावसाळ्यात एकटाच नदीवर गेला. काठावर कपड्यांची घडी तेवढी मिळाली. तेव्हा मी वाळक्या भोपळ्यावर विहिरीत पोहायला शिकत होते. त्या दिवसापासून वडिलांनी आम्हा सगळ्यांचं पाण्यात उतरणं बंद केलं. माझ्या पाठीवरचा भोपळा कधी सुटलाच नाही. वडिलांना दोष देत नाही, पण त्या भीतीपायी घरातलं आणखी कुणी वाचायला शिकलं, असंही झालं नाही.

नातवाला परत फोन केला. विचारलं, "उलटलास आणि सरळ होता आलं नाही तर?" तो म्हणाला, "मग बाहेर पडायचं. वल्ह्याच्या एका टोकाला हवेची पिशवी बसवायची. वल्हं होडीवर आडवं धरलं की पिशवी पाण्यावर टेकू देते आणि परत आत चढता येतं." मी हसले. "अरे, हा तर आमचा भोपळा!"

ग्रीनलंडमध्येही मोटारबोटी आल्यावर ही विद्या मागे पडली होती. १९८० च्या दशकात तिथल्या लोकांनी कयाक मंडळं काढून ती पुन्हा जिवंत केली. आता स्पर्धेत तीसहून अधिक प्रकार असतात, अगदी हातांची घडी घालूनसुद्धा! भीतीने विद्या सोडायची नसते, एवढं त्यांच्याकडून शिकले.

नातवाला 'जाऊ नको' म्हटलं नाही. दोनच गोष्टी सांगितल्या. डोकं शेवटी काढ. आणि कुठे जातोस, किती वाजता परतशील, ते कुणाला तरी सांगून जा.

दादा कुणालाच सांगून गेला नव्हता.