दोरा सरळ, वाट वाकडी

वर्गातल्या पृथ्वीगोलावर हेलसिंकी आणि टोकियो या शहरांमध्ये एक दोरा ताणून धरा. भिंतीवरचा नकाशा पाहून आपल्याला वाटते, फिनलंडहून जपानला आग्नेयेकडे निघावे. दोरा मात्र ईशान्येकडे निघतो, आर्क्टिक वृत्तापर्यंत चढतो आणि सैबेरियावरून खाली उतरतो. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग असा बृहद्‌वृत्तावरून जातो. इथे तो सुमारे ७,८०० किलोमीटरचा आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने पावणेनऊ तास. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून साडेनऊ. गणित एवढेच. पण विमानांना या दोऱ्यावरून जाऊ कोण देणार?

शीतयुद्धात सोव्हिएत संघाचे आकाश पाश्चात्त्य विमान कंपन्यांना बंद होते. युरोपातून जपानला जायचे तर दक्षिण आशियात थांबे घेत मोठा वळसा पडे. फेब्रुवारी १९५७ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून आर्क्टिकवरून, अलास्कातील अँकरेजला थांबून, टोकियोची सेवा सुरू केली. पन्नासएक तासांचा प्रवास बत्तीसवर आला. ध्रुवाजवळ रेखावृत्ते एकवटतात, त्यामुळे सरळ उडतानाही दिशेचा आकडा झपाट्याने बदलतो. होकायंत्रही भरवशाचे राहत नाही. म्हणून नकाशावर समांतर रेषांची जाळी आखून जायरोस्कोपच्या आधाराने दिशा धरावी लागे.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने जादा इंधनटाकी बसवलेले डीसी-१० विमान हेलसिंकीहून न थांबता टोकियोला नेले, तेही उत्तर ध्रुवावरून. हे अंतर आपण काढू शकतो. हेलसिंकी ६० अंश उत्तरेस, म्हणजे ध्रुव ३० अंश दूर. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर पहिला टप्पाच ३,३३० किलोमीटरचा. पुढे बेरिंग सामुद्रधुनी आणि पॅसिफिकवरून टोकियो. एकूण साडेदहा हजारांहून अधिक किलोमीटर, सुमारे तेरा तास.

वळसा टाळला असता तर? त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे दगावली. नकाशावरची सीमा आकाशातही किती खरी असते, हे जगाला कळले.

पुढे सैबेरियाचे आकाश खुले झाले आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवर आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आणि रशियाने त्यांच्या विमानांना आकाश बंद केले. मार्चपासून फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवावरून किंवा दक्षिणेच्या वळशाने जाऊ लागली. विमाने कितीतरी सुधारली होती. प्रवास मात्र पुन्हा तेरा तासांचा झाला.

विद्यार्थ्यांना दूरची दोन शहरे निवडू द्यावीत. दोऱ्याने अंतर मोजावे, वेळ काढावा आणि विमानाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावा. फरक मोठा निघाला, तर दोऱ्याखाली कोणकोणते देश येतात तेही पाहावे. भूगोलाचा तास तिथून इतिहासाचा होईल.