घाटातला दोर आणि आगगाडीचा हिशेब

खंडाळ्याच्या नागफणीवर उभे राहिले म्हणजे बोरघाट एका नजरेत दिसतो. खाली कोकणात उतरत गेलेल्या सोंडा, सोंडांना बिलगून गेलेले रूळ, एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरणारी गाडी आणि तिच्यामागे राहिलेली शिट्टी. इंग्रज अधिकाऱ्यांना या कड्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक दिसले. आसपासच्या गावकऱ्यांना नागाची फणी दिसली. आम्हांला तेथे एक वाद ऐकू येतो. तो आमच्याच मित्रमंडळींत चार दशकांपूर्वी सुरू झाला, आणि त्याचे मूळ दीडशे वर्षांहून जुने आहे हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. आजचे विवेचन त्या वादाविषयी आहे.

आमची टोळी सहा जणांची होती. एक बँकेत हिशेबनीस, एक गिरणीत जॉबर, एक रेल्वेच्या कारखान्यात फिटर, दोन कॉलेजातले विद्यार्थी आणि सहावे आम्ही, शाळामास्तर. मुंबईत १९५४ साली ‘गिरिविहार’ संस्था निघाली, त्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहणाचे विद्यालय उघडले आणि तेनसिंग तेथे शिकवू लागले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सह्याद्रीच्या कड्यांवर दोर लावून चढणारी पोरे गावोगाव तयार झाली. आम्ही त्यांतलेच. शनिवारी रात्री शेवटची लोकल धरून कर्जतला उतरावे, फलाटावर पथारी टाकावी आणि पहाटेची गाडी धरून घाट चढावा, हा आमचा रिवाज. फलाटावर आमच्या शेजारी ठाकर-कातकरी बाया आपापल्या पाट्यांना टेकून झोपलेल्या असत. वैशाखात त्या पाट्यांत करवंदे असत, जेष्ठात जांभळे. त्याही गाडीचीच वाट पाहत.

आमच्याजवळ दोर एकच होता, नायलॉनचा. तो वर्गणीतून घेतलेला. वर्गणी सारखी नव्हती. फिटरने आणि जॉबरने जास्त दिली, आम्ही मास्तरकीच्या बेताने दिली, एका विद्यार्थ्याने काहीच दिले नाही, त्याच्याजवळ नव्हतेच. परंतु कड्यावर चढताना दोर त्याच्याही कमरेला तेवढाच घट्ट बांधला जाई. हिशेबनिसाने मात्र पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली. कोणी किती दिले, दोराला किती पडले, मेखांना किती, हे सारे त्याने लिहावे आणि दर मोहिमेच्या शेवटी मोठ्याने वाचून दाखवावे. आम्ही त्याची थट्टा करीत असू. त्या वहीचे महत्त्व आम्हांला तेव्हा उमगले नव्हते.

एकदा नागफणीच्या माथ्यावर भाकरी सोडून बसलो असता खालून गाडी गेली, आणि हिशेबनिसाने विषय काढला. त्याचे म्हणणे असे : “ज्याने प्रवास केला त्याने भाडे भरावे. आपण रविवारी मौज करायला येतो, त्या गाडीचा तोटा वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसावा?” फिटर उसळून म्हणाला, “मग डांबरी सडकेचा तोटा कोण सोसतो? सडक कधी नफ्यात येते काय? त्या करवंदवालीला पुरे भाडे लावलेस तर तिची पाटी कल्याणला पोचेल कशी?” वाद उतरणीवर चालला, गाडीत चालला, कर्जतला चहाच्या पेल्यावरही चालला. दोघांचेही काही अंशी खरे आहे असे आम्हांला वाटे. परंतु कोणाचे कुठवर खरे, हे ठरवायला इतिहास ठाऊक पाहिजे होता.

तो इतिहास असा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गाडी गेली, हे शाळकरी मुलेही सांगतात. त्या गाडीचा करार १८४९ चा, हे सहसा कोणी सांगत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला या लंडनच्या कंपनीने ईस्ट इंडिया कंपनीशी तो केला. त्याचा मथितार्थ एवढाच की, रेल्वेत घातलेल्या भांडवलावर भागीदारांस दरसाल शेकडा पाच टक्के व्याज मिळेलच. रेल्वेच्या उत्पन्नातून ते न निघाल्यास उणीव हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरली जाईल. जमीनही सरकारने फुकट द्यायची. म्हणजे शंभर रुपये घातले आणि गाडीने तीनच मिळवले, तर उरलेले दोन रयतेच्या सारापट्टीतून. पाचांच्या वर नफा गेला, तर त्यात कंपनीचा वाटा.

या हमीच्या बाजूनेही बोलता येते, आणि ते बोलले पाहिजे. अनोळखी देशात, अजून न बांधलेल्या घाटात पैसा गुंतवायला लंडनचा सावकार हमीवाचून तयार होईना. परंतु त्या काळी खुद्द ब्रिटिश सरकारचे रोखे तीन टक्क्यांच्या आसपास व्याज देत. त्या मानाने पाच टक्के, आणि तेही बिनजोखमीचे, हे देणे भारी होते. शिवाय जोखीम नाही तेथे काटकसर कशाला? हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना कबूलच केले की, पाच टक्के ठरलेले असल्यावर आपला पैसा हुगळीत बुडाला की विटा-चुन्यात गेला याची भागीदाराला फिकीर नव्हती. व्हाइसरॉय लॉरेन्स यांचाही अभिप्राय असाच होता : नफा सारा कंपन्यांचा आणि तोटा सारा सरकारचा. हे इंग्रज राज्यकर्त्यांचेच बोल आहेत हे ध्यानात ठेवावे.

आता घाटाकडे वळू. बोरघाटाचे काम १८५६ त सुरू झाले. पंधरा मैलांवर लांबी, अठराशे फुटांवर चढ, पंचवीस बोगदे, आणि सर्वांत कठीण जागी सदतीस फुटांस एक फूट अशी चढण. मध्ये एका सोंडेवर गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकास लावावे लागे; १९२९ त नवा मार्ग झाला तेव्हा ते स्थानक सुटले. या कामात कित्येक ठिकाणी उभ्या कातळावर पाय टेकायला बोटभर जागा नव्हती. तेथे मजुरांना वरून दोराने खाली सोडीत, आणि लोंबकळत त्यांनी पहारीने सुरुंगाची भोके पाडावीत. आम्ही हौसेने कमरेला दोर बांधला. या कड्यांवर तो पोटासाठी आधी बांधला तो या माणसांनी. वरचे टोक धरून बसलेला गडीही त्यांच्यातलाच असणार. ही सोबत कोणी नोंदली नाही. रविवारच्या आमच्या सोबतीहून ती किती पटींनी खरी होती, हे त्या कातळाला हात लावल्यावाचून कळत नाही.

१८६१ साली या घाटात काम करणाऱ्यांची संख्या बेचाळीस हजारांच्या घरात गेली. पटकी आली, ताप आले, सुरुंग उलटले. हजारो माणसे मेली. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला, आणि त्यानंतर फेव्हिएल या ठेकेदाराने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका चालवून काम तडीस नेले. मुख्य अभियंता बर्कले १८६२ त मरण पावला, आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर फ्रिअर यांनी घाट खुला केला. मजुरी थकत होती त्याच काळात लंडनचे व्याज मात्र हमीचे होते. ज्याच्या कमरेला दोर होता त्याची हमी कोणी घेतली नव्हती.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. लोकांनी एकत्र बसून राज्यकारभाराचा हिशेब विचारायला शिकावे, ही त्या पिढीची तळमळ होती. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेच्या खर्चाची आकडेवार छाननी केली. १८९७ त गोपाळराव गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास विलायतेस गेले, तेव्हा त्यांच्या तक्रारीतही रेल्वे होती : गोऱ्या व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी लोहमार्ग वाढवीत जायचे आणि शिक्षणास पैसा नाही म्हणायचे, हा कोणता न्याय? ही मंडळी रेल्वेची वैरी नव्हती. रेल्वेने देश जोडला जातो हे त्यांना दिसत होते. ती स्वतःही रेल्वेने फिरत होती. आक्षेप असा की, पैसे देणाऱ्याला विचारले जात नाही आणि हिशेब त्याच्यापुढे वाचला जात नाही.

बरे, या गाड्यांतून प्रवास कोण करीत होते? बहुतेक सारे तिसऱ्या वर्गाचे उतारू. उतारूंपासून होणाऱ्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांचाच, आणि हाल सर्वांत अधिक तेही त्यांचेच. १९१७ त गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर पुस्तिका लिहिली, ती स्वतः त्या बाकांवर बसून. लोकमताचा रेटा वाढला तेव्हा ॲक्वर्थ समिती नेमली गेली. श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास तिचे सभासद होते. तिच्या अहवालानंतर १९२४ त रेल्वेचा अर्थसंकल्प सामान्य अर्थसंकल्पापासून वेगळा झाला, आणि १९२५ त आमच्या घाटातली कंपनीची रेल्वे सरकारने आपल्या हाती घेतली. पुढे रेल्वे तिजोरीत लाभांश भरू लागली. ही व्यवस्था जवळजवळ एक शतक टिकली. २०१७ पासून दोन्ही अर्थसंकल्प पुन्हा एक झाले आणि लाभांशही थांबला.

हमीवाचून बांधलेल्या एका रेल्वेचे उदाहरणही आमच्या जवळच आहे. कर्जतच्या अलीकडे नेरळ. तेथून माथेरानला जाणारी दोन फूट रुंदीची छोटी गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये घालून बांधली. १९०७ त ती सुरू झाली. पुढे ती सार्वजनिक मालकीची झाली. २००५ च्या महापुरात मार्ग वाहून गेला आणि सरकारी खर्चाने पुन्हा उभा राहिला. २०१९ च्या पावसात पुन्हा खचला. पूर्ण मार्गावर गाडी धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडावे लागले. खाजगी साहसाने जे एकदा बांधले ते शंभर पावसाळे टिकवणे तिकिटाच्या पैशांत बसत नाही, एवढे यावरून दिसते. बांधणे एका पिढीच्या उत्साहाने होते. राखणे हा कायमचा खर्च आहे, आणि तो कोणाला तरी उचलावा लागतो.

आता आजचा हिशेब. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, शंभर रुपये खर्चाच्या प्रवासाला उतारूकडून चौपन्न रुपये घेतले जातात आणि या सवलतीची वार्षिक रक्कम सुमारे सत्तावन्न हजार कोटी होते. ही तूट पुष्कळ अंशी मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून निघते. म्हणजे कोळसा, सिमेंट, धान्य यांच्या भाड्यातून. आणि तेथून वीजबिलातून, घराच्या भिंतीतून. ज्याने आयुष्यात कर्जत लोकल पाहिली नाही तोही ती चालवतो, परंतु आपण ती चालवतो हे त्याला ठाऊक नसते. आमच्या हिशेबनिसाचे जे खरे होते ते एवढेच. बिबेक देबरॉय समितीने २०१५ त सुचवले ते याच धर्तीवर : रेल्वेचे हिशेब व्यापारी पद्धतीने स्वच्छ मांडावेत, आणि लोकहितासाठी जो तोटा सोसायचा तो सरकारने उघडपणे आपल्या नावे लिहावा.

आम्हांला फिटरचे म्हणणे मान्य आहे : उतारूगाडीला सार्वजनिक पैसा मिळाला पाहिजे. करवंदाची पाटी, कॉलेजचा पास, दवाखान्यात निघालेला म्हातारा, यांची किंमत तिकिटावर छापता येत नाही. तथापि हा पैसा भाड्याच्या तळघरात लपवून ठेवला की दोन अनर्थ होतात. देणाऱ्याचा मान राहत नाही, आणि घेणाऱ्याची सवलत एखाद्या दिवशी गुपचूप काढून घेता येते. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत थांबली, ती साथ सरल्यावरही पूर्ववत झाली नाही. ती असावी की नसावी यावर मतभेद असू शकतात. पण तो निर्णय चर्चा होऊन, आकडे मांडून व्हायला हवा होता.

१८४९ च्या हमीत सार्वजनिक पैसा होता, म्हणून ती वाईट ठरत नाही. ती वाईट ठरते ती दोराचे एक टोक रयतेच्या कमरेला आणि दुसरे कोणाच्याच हाती नाही, अशी तिची बांधणी होती म्हणून. आज दोन्ही टोके आपल्याच हाती आहेत. वही मात्र उघडली पाहिजे.

आमच्या दोराचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. एका चढाईत जॉबरचा पाय घसाऱ्यावर सुटला आणि तो पंधरा फूट खाली येऊन दोराला लटकला. दोर धरून बसला होता तो वर्गणी न दिलेला विद्यार्थी. त्याचे तळहात सोलून निघाले, पण दोर सुटला नाही. कातळाच्या धारेवर घासून दोर मात्र कामातून गेला. त्या संध्याकाळी कर्जतच्या फलाटावर हिशेबनिसाने वही उघडली, दोराची पूर्ण किंमत तोटा म्हणून लिहिली आणि नेहमीसारखी मोठ्याने वाचली. तोटा कोणाच्या नावे टाकायचा, हे त्याने विचारले नाही, आम्हीही विचारले नाही. पुढच्या पगाराला नव्या दोराची वर्गणी सुरू झाली. त्या खेपेस विद्यार्थ्याने दोन रुपये दिले, आणि तेही वहीत लिहिले गेले.