गाजर चांगलं, मग गोळी घातक कशी?

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की 'अमुक खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो, म्हणून ते द्यावं' असं वाक्य पटकन सुचतं. त्यातल्या 'म्हणून'पाशी जरा थांबा आणि बीटा-कॅरोटीनचा इतिहास बघा.

बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं. औषधं किंवा अन्नघटक देऊन कॅन्सर आधीच रोखायचा, या कल्पनेला मायकेल स्पॉर्न यांनी १९७६ मध्ये 'कीमोप्रिव्हेन्शन' हे नाव दिलं. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल, स्पॉर्न आणि आणखी एका सहकाऱ्याचा लेख 'नेचर'मध्ये आला. आहारात बीटा-कॅरोटीन जास्त, तिथे कॅन्सर कमी, असं त्यात मांडलं होतं. पण लेखाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं! खरं काय ते नियंत्रित चाचण्यांतून तपासता येईल, असं ते म्हणत होते.

फिनलंडमध्ये अशी चाचणी झाली. ५० ते ६९ वयाचे, धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, बाकीच्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त.

योगायोग असेल? अमेरिकेतल्या 'कॅरेट' चाचणीत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेले असे १८,३१४ जण होते. बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र घेणाऱ्यांत हा कॅन्सर २८ टक्क्यांनी वाढला. जानेवारी १९९६ मध्ये, ठरल्यापेक्षा २१ महिने आधी, गोळ्या बंद केल्या.

आता खरी गंमत. फिनलंडच्या त्याच चाचणीत, सुरुवातीला ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त होतं, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला होता. म्हणजे जुनं निरीक्षण चुकीचं नव्हतं. त्यातून काढलेला अर्थ चुकला. भाजी-फळं खाणाऱ्याच्या ताटात इतरही शेकडो द्रव्यं असतात, त्याच्या सवयीही वेगळ्या असतात. रक्तातलं बीटा-कॅरोटीन ही त्या सगळ्याची नुसती खूण असू शकते. शिवाय गोळीतला डोस आहारातल्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

या चाचण्या 'फेल' गेल्या असं म्हणू नका. त्या झाल्या नसत्या, तर धूम्रपान करणाऱ्यांना आपण आजही हौसेने या गोळ्या देत राहिलो असतो. तुमच्या प्रपोजलमधलं 'म्हणून' कशावर उभं आहे, ते आज एकदा तपासून बघा.