वस्तीपर्यंत आलेली चाचणी : एच. आय. व्ही. तपासणीतील संमतीचा इतिहास

एखाद्या रोगाचा इतिहास त्यावरील औषधांच्या शोधाने पुरा होत नाही. तो रोग कोणी, कोठे आणि कोणाच्या संमतीने ओळखला, हाही त्या इतिहासाचाच भाग होय. एच. आय. व्ही.च्या बाबतीत तर हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

भारतात या विषाणूचे अस्तित्व इ. स. १९८६ मध्ये मद्रास येथे तपासणीतून उघड झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी गोव्यात घडलेला प्रसंग उद्‌बोधक आहे. डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्यास फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये सुमारे दोन महिने म्हापसा येथे एकांतवासात ठेवले. आपल्या रक्तात विषाणू आढळल्याचे त्यास आधी कोणी सांगितलेही नव्हते. त्याच्या मातेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. परंतु न्यायालयाने कायद्यातील एकांतवासाची तरतूद वैध ठरविली. त्या काळी चाचणी हे रुग्णास मदत करण्याचे साधन नव्हते, तर त्यास समाजापासून वेगळे काढण्याचे साधन होते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला आणि १९९७ पासून ‘स्वेच्छा समुपदेशन व चाचणी केंद्रे’ उघडू लागली. या नावातील ‘स्वेच्छा’ हा शब्द पूर्वीच्या धोरणास दिलेले उत्तरच मानावा लागेल. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने, कामास समर्थ असलेल्या मनुष्यास केवळ विषाणूबाधेमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. त्या खटल्यात अर्जदाराचे खरे नाव गुप्त ठेवण्यात आले होते. पुढे २००६ च्या सुमारास स्वेच्छा केंद्रे आणि गर्भवतींसाठी असलेली केंद्रे एकत्र करण्यात येऊन ‘एकात्मिक’ हे विशेषण रूढ झाले.

तथापि केंद्र उघडले म्हणजे लोक तेथे येतातच, असे नाही. नवी मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या या नगरात तुर्भ्याचा घाऊक बाजार, कळंबोलीचा लोखंड बाजार, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि दगडखाणी यांच्या आधाराने परप्रांतीय मजूर व ट्रकचालक यांची मोठी वस्ती झाली. माल उतरताच ट्रकचालक पुढच्या वाटेला लागतो. माथाड्याचे केंद्रात जाणे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रीस अथवा तृतीयपंथी व्यक्तीस रांगेत कोणी ओळखील, हीच भीती मोठी. रुग्णालय जवळ असले तरी त्यांच्या दृष्टीने ते दूरच राहते.

हे अंतर तुटण्याचा मार्ग महाराष्ट्रात आधीच दिसू लागला होता. सांगलीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ संस्थेच्या कार्यात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाच आपल्या भगिनींना माहिती व निरोध पोहोचवू लागल्या. १९९६ मध्ये त्यांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही स्वतःची संघटना उभारली. जिच्यावर विश्वास आहे, तिच्याच तोंडून आलेला सल्ला ऐकला जातो, हे या कार्याने दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये समुदाय-आधारित चाचणीची शिफारस केली आणि भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीस स्थान मिळाले.

या पद्धतीत प्रशिक्षित कार्यकर्ता वस्तीत किंवा ट्रकतळावर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन प्राथमिक तपासणी करतो. तीत विषाणूचा संशय आला, तरी तो अंतिम निष्कर्ष नव्हे. एकात्मिक केंद्रात निरनिराळ्या तीन चाचण्या झाल्यावरच निदान निश्चित होते आणि उपचार सुरू होतात. म्हणून वस्तीतून केंद्रापर्यंत त्या व्यक्तीस सोबत करणे, हा या कार्याचा सर्वांत नाजूक टप्पा होय.

येथे एक विरोध उभा राहतो. चाचणी दाराशी आली की रांगेतील भीती टळते. पण एका भिंतीआडचे बोलणे शेजारच्या खोलीत ऐकू जाते. ज्या परिचयामुळे विश्वास निर्माण होतो, त्याच परिचयामुळे गुपित फुटण्याचा संभवही वाढतो. १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आलेल्या एच. आय. व्ही. व एड्स कायद्याने चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती आणि निष्कर्षाची गुप्तता बंधनकारक केली, त्याचे महत्त्व येथे कळते. किती थेंब तपासले, एवढ्यावरून या उपक्रमाचे यश मोजता येणार नाही. म्हापशाच्या तरुणास जे विचारले गेले नव्हते, ते तुर्भ्याच्या मजुरास दरवेळी विचारले जाते की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.