सफवानचा खजूर आणि मुंबईचे नकाशे

१९९१ सालचा जानेवारी महिना आमच्या पिढीतले कोणी विसरले असेल असे वाटत नाही. रेडिओवर ‘नाखाश त्सेफा’ हे शब्द आले की आम्ही मुलाबाळांना घेऊन चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत जायचो, तोंडावर मुखवटे चढवायचो आणि पुढच्या सूचनेची वाट पाहत बसायचो. सहा आठवडे हे चालले. इराकची सुमारे चाळीस स्कड क्षेपणास्त्रे त्या दिवसांत आपल्या देशावर आली.

या सगळ्याची सुरुवात २ ऑगस्ट १९९० रोजी कुवैतमध्ये झाली होती. तेल, कर्ज, सत्तेची हाव अशी अनेक कारणे तेव्हा सांगितली गेली. पण एक कारण फार जुने होते. कुवैतची हद्द नेमकी कुठून जाते? या प्रश्नाचा इतिहास शोधत गेलो, तर वाट मुंबईवरून जाते. म्हणून तो आमच्या वाचकांना सांगावासा वाटतो.

गोष्ट सुरू होते ती तनाखमुळे. जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथे मिखाएलिस नावाचे बायबलचे विद्वान होते. तनाखमध्ये येणारी झाडे, प्राणी, ठिकाणे नेमकी कोणती, हे अरबस्तानात जाऊन पाहावे अशी त्यांची कल्पना. डेन्मार्कच्या राजाने ती उचलून धरली आणि १७६१ साली सहा जणांची मोहीम निघाली. त्यांपैकी दोघे येमेनमध्ये वारले, दोघे मुंबईकडे येताना जहाजावर गेले आणि पाचवे, मोहिमेचे डॉक्टर, १७६४ साली मुंबईत वारले. उरला एकटा कार्स्टन नीबूर. तो मोजणीदार होता. मुंबईत असताना त्याने घारापुरीच्या लेण्यांचीही चित्रे आणि आराखडे काढले.

डिसेंबर १७६४ मध्ये तो मुंबईहून मस्कतमार्गे इराणकडे निघाला. चंद्र आणि तारे यांच्यातले अंतर मोजून रेखांश काढण्याची पद्धत तेव्हा नवीन होती. नीबूर ती ग्योटिंगेनला शिकला होता. त्याने इराणच्या आखाताचा नकाशा केला आणि त्यावर कुवैतचे नाव घातले. तो स्वतः कुवैतला गेला नाही, पण ऐकलेल्या माहितीवरून त्याने लिहिले की तिथल्या लोकांकडे आठशेहून अधिक नावा आहेत आणि ते मोती काढून व मासेमारी करून पोट भरतात. कुवैत म्हणजे छोटी गढी. गावाचे दुसरे नाव कुरेन, म्हणजे लहानसे शिंग. हिब्रूतला ‘केरेन’ शब्द ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नाते वेगळे सांगायला नको.

पण नीबूर येण्याच्या कितीतरी आधी या समुद्राची वाट अरब नाखुदांना पाठ होती. त्यांचे साधन होते ‘कमाल’. लाकडाची लहान चौकोनी पट्टी आणि तिच्या मध्यातून ओवलेली गाठींची दोरी. दोरी दातांत धरायची, पट्टीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरची कड ध्रुवताऱ्याला टेकते का ते पाहायचे. प्रत्येक बंदराची गाठ ठरलेली. तारा त्या गाठीवर आला की जहाज त्या बंदराच्या रेषेत आले, मग वळायचे. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिदने हे शास्त्र ग्रंथात मांडले. विसाव्या शतकात कुवैतच्याच ईसा अल-कुतामी या नाखुदाने आपल्या खलाशांसाठी ‘दलील अल-मुहतार’ नावाचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले.

हे नाखुदा आपल्याला परके नव्हते. कुवैतच्या बूम जातीच्या जहाजांतून बसऱ्याकडचा खजूर मुंबईला यायचा आणि परत जाताना मलबारचे सागवान, काथ्याचे दोरखंड जायचे. मस्जिद बंदरच्या बाजारात, आपल्या जुन्या मशिदीपासून जवळच, खजुराचे ढीग लागलेले आमच्यातल्या कित्येकांनी पाहिले आहेत. शब्दही याच जहाजांनी आणले. आपल्या कोळ्यांचा ‘नाखवा’ हा नाखुदाच. ‘सुकाणू’ आणि ‘खलाशी’ हे शब्दही अरबीतूनच आले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जाताना हे शब्द आम्ही रोज ऐकले, ते कुठून आले हे मात्र कधी विचारले नाही.

नाखुदाचे ज्ञान त्याच्या डोक्यात असे. कंपनी सरकारला ते कागदावर हवे होते. म्हणून १८२० ते १८२९ या काळात मुंबईच्या आरमाराने साऱ्या आखाताची मोजणी केली. किनाऱ्यावर खुणा उभ्या करून कोन मोजायचे आणि शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून पाणी किती वाव खोल आहे ते टिपायचे, असे हे काम. उन्हाळ्यात तिथली उष्णता जीवघेणी, आणि आजारपणही भरपूर. गाय आणि ब्रक्स या अधिकाऱ्यांची नावे त्या कामाशी जोडली गेली आहेत. पुढे १८५७ ते १८६० मध्ये कॉन्स्टेबल आणि स्टिफ यांनी पुन्हा मोजणी केली. हा कॉन्स्टेबल म्हणजे जॉन कॉन्स्टेबल या प्रसिद्ध इंग्रज चित्रकाराचा मुलगा. १८६४ साली निघालेली आखाताची नौकानयन पुस्तिका याच दोघांच्या कामावर उभी राहिली.

समुद्राचे नकाशे असे काळजीने झाले. वाळवंटात मात्र अंदाजपंचे चालले. १९१३ साली ब्रिटिश आणि तुर्क यांनी कुवैत शहर मध्यभागी धरून सुमारे चाळीस मैलांचे वर्तुळ काढले. महायुद्ध आले आणि तो करार मंजूर झालाच नाही. १९२२ च्या अखेरीस उकैर येथे सर पर्सी कॉक्स यांनी लाल पेन्सिलीने नकाशावर रेघ ओढली. कुवैतचे शेख तिथे हजर नव्हते. दक्षिणेचा मोठा मुलूख इब्न सौदकडे गेला. उत्तरेची, इराककडची हद्द १९२३ साली पत्रांनी ठरली. ती कशी? सफवान गावच्या दक्षिणेकडून! गावाच्या सर्वांत दक्षिणेकडच्या खजुराच्या पुढे रस्त्यावर एक पाटी लावली, एवढीच खूण.

कोकणात ज्याने शेती पाहिली आहे त्याला यातला धोका लगेच कळेल. खजुराची नवी झाडे लावली की गावाचे दक्षिण टोक पुढे सरकते. पाटीही पुढे नाहीशी झाली. परत लावली तेव्हा ती पूर्वी कुठे होती यावरच भांडण सुरू झाले. बांध कोरण्याचे भांडण दोन भावांत होते तेव्हा कोर्टकचेऱ्या होतात. दोन देशांत झाले तेव्हा काय झाले ते आपण मुखवट्यांच्या आतून पाहिले. कुवैतमधून एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी न्यावे लागले, तेही उभा संसार मागे टाकून.

युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी आयोग नेमला. स्वीडन आणि न्यूझीलंडचे मोजणीदार वाळवंटात उतरले. जुनी पत्रे, जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रे तपासून त्यांनी सफवानची जागा ठरवली. जुन्या जकात नाक्याच्या कुंपणभिंतीच्या कोपऱ्यापासून जुन्या रस्त्याने १४३० मीटर. सीमेवर साधारण दर दोन किलोमीटरला एक असे १०६ खांब रोवले गेले. मे १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने या कामावर शिक्का मारला आणि १९९४ साली इराकनेही ते मान्य केले. सत्तर वर्षांपूर्वी चार दिवस मोजणी केली असती तर निदान हा वाद तरी उरला नसता.

शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नये, अशी आज्ञा तोरात आहे. पण आज्ञा पाळायची तर खूण कुठे होती हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते.

आपल्या पूर्वजांचे जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले असे आपण सांगत आलो. त्या वाटेचा नकाशा नाही. आपल्याजवळ आहेत ती आडनावे. पेणकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर, अशी शंभराहून अधिक गावे आपण नावात बांधून इकडे आणली. पण त्या गावात घर कोणत्या आळीत होते, घाणा कुठे चालायचा, वडिलांची कबर कोणत्या झाडाखाली आहे, हे आडनावात लिहिलेले नाही. ते आपल्या डोक्यात आहे, त्या नाखुदांसारखे. आमची विनंती एवढीच की एखाद्या शब्बाथच्या संध्याकाळी, हावदाला झाल्यावर, नातवंडाला कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसवावे आणि आपल्या गावाचा नकाशा काढून घ्यावा. वेडावाकडा असला तरी चालेल. फक्त खूण म्हणून झाड दाखवू नका. विहीर दाखवा, देऊळ दाखवा, आणि तिथून घर किती पावलांवर होते तेही लिहून ठेवा.