सुट्टीवरचे देव आणि पैठणचा पाणक्या

हिकारू नाकामुरा यांच्या २००६पासूनच्या ‘सेंट यंग मेन’ या मांगावर पुढे अ‍ॅनिमे आली. तिच्यात बुद्ध आणि येशू सुट्टी काढून तोक्योजवळच्या ताचिकावात भाड्याने राहतात. काटकसरी बुद्ध, खर्चिक येशू, आणि ओळख लपवताना दोघांची होणारी तारांबळ. प्रेक्षकाला सगळं ठाऊक, शेजाऱ्यांना काहीच नाही. हसू येतं ते यातून.

ही युक्ती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठणला जुनीच आहे. देव श्रीखंड्या नावाचा गडी होऊन संत एकनाथांच्या घरी आला आणि बारा वर्षं कावडीने पाणी भरत राहिला, अशी कथा सांगतात. द्वारकेहून एक भक्त देवाला शोधत आला, तेव्हा घराला उलगडा झाला; तोवर श्रीखंड्या अंतर्धान पावला होता. नाथषष्ठीला तिथला रांजण आजही भरतात.

फरक एवढाच, की ताचिकावात देव विश्रांतीला येतात, पैठणला राबायला. आणि तिथे फसतात ते शेजारी. इथे खुद्द नाथ. भूतमात्रांत देव पाहणाऱ्यालाही घरचा पाणक्या ओळखू आला नाही. मराठी कथेतलं हसू म्हणूनच घशात अडकतं: पाणी भरणाऱ्याचा चेहरा आपण तरी कधी नीट पाहिला?