क्लोरोफॉर्म, श्वास आणि नाडी : मराठवाड्यातील रुग्णसुरक्षेच्या शिक्षणाची पूर्वपीठिका

'रुग्णसुरक्षा' ही संज्ञा मराठीत अलीकडे रूढ झाली असली, तरी तिच्यामागील प्रश्न मराठवाड्याच्या इतिहासास अपरिचित नाही. नांदेड व लातूर ही गावे १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होती, त्याच्या राजधानीत १८८८ व १८८९ या वर्षी दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. १८४८ साली इंग्लंडात हॅना ग्रीनर ही मुलगी क्लोरोफॉर्म दिला असता दगावली, तेव्हापासून असा मृत्यू श्वास थांबल्याने येतो की हृदय, हा वाद चालू होता. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत असे की, केवळ श्वासावर लक्ष ठेवावे, नाडीकडे पाहण्याचे कारण नाही. पहिल्या आयोगाने या मतास दुजोरा दिला. लंडनच्या 'लॅन्सेट'ने शंका घेताच निजाम महबूब अली खान यांनी द्रव्यसाहाय्य करून त्या पत्राचे प्रतिनिधी लॉडर ब्रंटन यांस हैदराबादेस आणविले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि दुसऱ्या आयोगानेही तोच निर्णय दिला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. लॉरी हे हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुखही होते. त्यामुळे आयोगाचा निष्कर्ष पाहता पाहता विद्यार्थ्यांचा पाठ बनला. १८८९ साली तेथून पदवी घेतलेल्या रूपाबाई फर्दूनजी जगातील आद्य स्त्री-भूलतज्ज्ञांत गणल्या जातात. त्याही याच शिस्तीत तयार झाल्या. श्वासाकडे अखंड लक्ष देण्याच्या या शिस्तीने अनेकांचे प्राण वाचविले असतील, यात शंका नाही. परंतु नियमाचा उत्तरार्ध सदोष होता. १९११ साली ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मच्या हलक्या गुंगीतही हृदय एकाएकी थरथरून बंद पडू शकते. ज्याने बोट नाडीवर ठेवले असते, त्याला हैदराबादी पाठाप्रमाणे तेथे बोट ठेवण्याचेच प्रयोजन नव्हते. गुरूचे मत हाच नियम ठरला, की शेजारी उभा असलेला मनुष्य काय पाहतो याला किंमत उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या बहुव्यावसायिक अभ्यासक्रम-मार्गदर्शिकेचा रोख नेमका या शेजाऱ्याकडे आहे. वैद्य, दंतवैद्य, परिचारिका, सुईणी व औषधनिर्माते यांच्या शिक्षणासाठी तिने अकरा विषय सुचविले. त्यांत संघात काम करणे आणि चुकीपासून शिकणे हेही आहेत. मराठीत 'चूक', 'दोष' व 'अपराध' हे तीन शब्द वेगळे असूनही व्यवहारात ते एकमेकांत सहज मिसळतात. चूक सांगितली की अपराध कबूल केल्यासारखे होते, ही अडचण केवळ भाषेची नव्हे. पण भाषेत ती स्पष्ट दिसते.

नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालचे, लातूरचे २००२ सालचे. १९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद व परिचर्या या शाखांच्या पदव्या एका छत्राखाली आल्या. परंतु प्रत्येक शाखेची केंद्रीय परिषद वेगळी, म्हणून अभ्यासक्रमही वेगळा राहिला. औषधनिर्माणशास्त्र तर त्या छत्राबाहेरच आहे. नांदेडजवळील विष्णुपुरीत वैद्यकीय महाविद्यालय आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे औषधनिर्माणशास्त्र संकुल ही दोन्ही आहेत. औषध लिहून देणारा आणि ते जाणणारा असे दोघे विद्यार्थी एकाच शिवारात दोन विद्यापीठांच्या परीक्षा देतात.

याच विष्णुपुरीतील रुग्णालयात ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत चोवीस तासांमध्ये २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. पुढील चर्चा औषधांची टंचाई आणि मनुष्यबळ यांभोवती फिरली, आणि ते योग्यच होते. अभ्यासक्रम बदलल्याने औषधपेटी भरत नाही. मात्र टंचाईच्या रात्री कोणाची सूचना कोणी ऐकावयाची, हे विद्यार्थिदशेत कोठे शिकविले जाते, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला.

जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळते. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन आहे, आणि नांदेडच्या विद्यापीठाची स्थापनाही १९९४ साली त्याच दिवशी झाली.